अभ्यासक्रम बदलतो कसा?
विद्यापीठातील एका प्रस्तावाचा प्रवास

नवे शैक्षणिक वर्ष सुरू झाले की गावोगावच्या पालकांच्या कानांवर एक वाक्य हमखास पडते : "यंदा अभ्यासक्रम बदलला." थोरल्या मुलाची पुस्तके धाकट्या मुलीच्या उपयोगी पडत नाहीत, गतवर्षी अनुत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्याला कोणती प्रश्नपत्रिका द्यावी लागणार हे कळत नाही आणि शिक्षकांनाही नव्या घटकांची तयारी नव्याने करावी लागते. हा बदल कोणा एका अधिकाऱ्याच्या लेखणीच्या फटकाऱ्याने घडतो, असा सर्वसाधारण समज आहे. तो बरोबर नाही. विद्यापीठीय अभ्यासक्रमातील बदल अनेक मंडळांपुढून जातो आणि प्रत्येक मंडळ त्याला निराळा प्रश्न विचारते. ही पद्धती ठाऊक असेल तर आपले म्हणणे कोठे व केव्हा मांडावे, हेही नागरिकांना कळू शकेल.

गोव्यातील उच्च शिक्षणाची पार्श्वभूमी

गोवा मुक्त झाल्यानंतर १९६२ साली पणजी येथे धेंपे महाविद्यालय आणि मडगाव येथे चौगुले महाविद्यालय सुरू झाले. त्या काळी गोव्यातील महाविद्यालये मुंबई विद्यापीठाशी संलग्न होती. साहजिकच कोणते पुस्तक नेमावे, कोणता विषय कोणत्या वर्षी शिकवावा, याचे निर्णय मुंबईत होत. १९८४ साली गोवा विद्यापीठ अधिनियम संमत झाला आणि १ जून १९८५ पासून विद्यापीठाच्या कार्यास प्रारंभ झाला. ताळगावच्या पठारावर विद्यापीठाच्या इमारती उभ्या राहिल्या. पण या घटनेचे महत्त्व इमारतींपुरते नव्हते. गोव्यातील विद्यार्थ्याने काय शिकावे हे ठरविणारी मंडळे गोव्यातच बसू लागली, हा तिचा खरा अर्थ होय.

एक उदाहरण : खाजन शेती

ही प्रक्रिया समजून घेण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. मांडवी आणि झुवारीच्या काठच्या खाजन जमिनी गोमंतकीयांना अपरिचित नाहीत. खाऱ्या पाण्याला अडविणारे मातीचे बांध, भरती-ओहोटीप्रमाणे उघडझाप होणारी मानस, खारेपणा सोसणारे कोरगूट भात आणि त्याच पाण्यातील मासळी असा हा पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेला व्यवहार आहे. समजा, पदवीच्या वर्गांना 'खाजन शेतीचे पर्यावरण' हा नवा विषय शिकवावा, असे भूगोलाच्या काही प्राध्यापकांना वाटले. केवळ वाटून भागत नाही. त्याचा लेखी मसुदा करावा लागतो. विषय शिकून विद्यार्थ्याला काय येईल, घटक कोणते, प्रत्येक घटकास किती तास, संदर्भग्रंथ कोणते आणि परीक्षा कशी घ्यावयाची, हे सारे त्यात यावे लागते.

तासांचा हिशेब श्रेयांकांत, म्हणजे रूढ भाषेत 'क्रेडिट'मध्ये, मांडतात. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये पदवी अभ्यासक्रमांसाठी जो आराखडा प्रसिद्ध केला, त्यानुसार एका सत्रात अध्यापनाचे १५ तास म्हणजे एक श्रेयांक; प्रात्यक्षिकासाठी मात्र एका श्रेयांकास ३० तास धरले जातात. तेव्हा आपल्या उदाहरणातील विषय तीन श्रेयांक अध्यापन व एक श्रेयांक प्रात्यक्षिक असा योजला, तर वर्गात ४५ तास आणि बांधावर व प्रयोगशाळेत ३० तास, असे ७५ तास लागतील. हे तास वेळापत्रकात कोठून आणावयाचे, हा प्रश्न येथूनच सुरू होतो.

पहिली पायरी : अभ्यास मंडळ

प्रत्येक विषयाचे किंवा विषयसमूहाचे एक अभ्यास मंडळ असते. त्या विषयाचे विद्यापीठातील व महाविद्यालयांतील अध्यापक तसेच बाहेरील तज्ज्ञ त्यात असतात. या मंडळाचा प्रश्न असा : "हे ज्ञान म्हणून बरोबर आहे काय, आणि ते शिकविता येईल काय?"

प्रश्नाचा पहिला भाग विद्वत्तेचा आहे. घटकांचा क्रम योग्य आहे का? वनस्पतिशास्त्रात जे आधीच शिकविले जाते त्याचीच येथे पुनरुक्ती होत नाही ना? नेमलेले ग्रंथ उपलब्ध आहेत का? दुसरा भाग व्यवहाराचा असून तो अधिक कसोटीचा ठरतो. पणजी-मडगावच्या मोठ्या महाविद्यालयात जे सहज शिकविता येते, ते साखळी, केपे किंवा विर्नोडा येथील शासकीय महाविद्यालयात शिकविता येईल का? तेथे पात्र अध्यापक आहे का? नदीकाठी विद्यार्थ्यांना नेण्याची सोय आहे का? ग्रामीण महाविद्यालयातील अध्यापकाचा आवाज मंडळात उमटला नाही, तर उत्तम विषयही निम्म्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत कागदावरच राहतो. पहिल्या पायरीवर गेलेला वेळ म्हणूनच वाया गेलेला नसतो.

दुसरी पायरी : विद्याशाखा

अभ्यास मंडळ आपल्या विषयाकडे पाहते. विद्याशाखा सर्व विषयांकडे एकत्र पाहते. तिच्या प्रमुखास अधिष्ठाता म्हणतात. येथील प्रश्न असा : "हा विषय इतरांशी जुळतो काय?" विद्यार्थ्याच्या पदवीचे एकूण श्रेयांक ठरलेले असतात. वर उल्लेखिलेल्या आराखड्यात तीन वर्षांच्या पदवीस किमान १२० आणि चार वर्षांच्या पदवीस किमान १६० श्रेयांक सांगितले आहेत. एका विषयाने जागा घेतली की दुसऱ्या कशाला तरी ती सोडावी लागते. प्रत्येक मंडळ आपल्या विषयाचा कैवार घेणार, हे स्वाभाविकच. समतोल राखणारी पायरी त्यासाठीच हवी. सर्व विद्यापीठांत या पायरीचे रूप सारखे नसते; कोठे विद्याशाखेचे स्वतंत्र मंडळ असते, तर कोठे हे काम विद्यापरिषदेची स्थायी समिती पाहते. विचारावयाचा प्रश्न मात्र सर्वत्र तोच.

तिसरी पायरी : विद्यापरिषद

विद्यापीठाच्या शैक्षणिक कारभारातील सर्वोच्च मंडळ म्हणजे विद्यापरिषद. कुलगुरू तिचे अध्यक्ष असतात. तिचा प्रश्न : "विद्यापीठाने या विषयाला आपल्या पदवीची मोहर द्यावी काय?" परिषद प्रस्ताव मान्य करू शकते, दुरुस्तीसह मान्य करू शकते किंवा फेरविचारासाठी अभ्यास मंडळाकडे परत पाठवू शकते. परत आलेला प्रस्ताव म्हणजे नापास झालेला प्रस्ताव नव्हे. बहुतेक वेळा एखाद्या परीक्षेची विभागणी, एखादा जुना ग्रंथ किंवा तासांची बेरीज एवढेच दुरुस्त करावयाचे असते.

बैठकीचे इतिवृत्त नोंदले जाते. कोणी विरोधी मत दिले असल्यास त्याचीही नोंद होणे अगत्याचे असते. आज झालेला विरोध उद्या योग्य ठरू शकतो, आणि तेव्हा तो विरोध कोणत्या कारणास्तव होता हे कळण्याचे साधन इतिवृत्तच असते.

चौथी पायरी : कार्यकारी परिषद

एखादा नवा विषय आणणे वेगळे आणि पदवीची वर्षे, प्रवेशाची पात्रता किंवा परीक्षेचे नियम बदलणे वेगळे. हे नियम विद्यापीठाच्या अध्यादेशांत लिहिलेले असतात. ते बदलावयाचे असल्यास विद्यापरिषदेचा निर्णय कार्यकारी परिषदेपुढे जातो. महाराष्ट्रात याच स्वरूपाच्या मंडळास व्यवस्थापन परिषद म्हणतात. येथे प्रश्न विचारला जातो तो असा : "कायद्यात बसते काय, आणि पैसा कोठून येणार?" नवा अध्यापक, नवी प्रयोगशाळा, विद्यार्थ्यांवर पडणारे शुल्क यांचा विचार या ठिकाणी होतो.

काही अभ्यासक्रमांच्या बाबतीत विद्यापीठाचे हात बऱ्याच अंशी बांधलेले असतात, हेही लक्षात घ्यावे. वैद्यक, औषधनिर्माण, विधी, अध्यापक-शिक्षण यांचे किमान निकष राष्ट्रीय पातळीवरील नियामक संस्था ठरवितात. २०१५ सालापासून बी. एड. हा अभ्यासक्रम एका वर्षाऐवजी दोन वर्षांचा झाला, तो देशभर झाला. कोणा एका विद्यापीठाने तो ठरविला नाही. २०१९ साली एम. बी. बी. एस.चा अभ्यासक्रम बदलला, तोही असाच. याउलट स्वायत्तता मिळालेल्या महाविद्यालयांना आपली स्वतःची अभ्यास मंडळे व विद्यापरिषद असते. मात्र त्यांतही विद्यापीठाचे प्रतिनिधी आणि बाहेरील तज्ज्ञ घ्यावे लागतात.

घाई झाली तर काय होते?

एवढ्या पायऱ्यांची गरज काय, असा प्रश्न कोणीही विचारील. दिरंगाईची तक्रार खोटी नाही. जग वेगाने बदलत असताना कालबाह्य घटक वर्षानुवर्षे शिकविले जाणे हा विद्यार्थ्यांवरील अन्यायच होय. परंतु घाईचेही मोल असते, आणि ते विद्यार्थ्यालाच द्यावे लागते.

दिल्ली विद्यापीठातील घटना या दृष्टीने अभ्यासण्यासारखी आहे. तीन वर्षांची पदवी चार वर्षांची करण्याचा प्रस्ताव २४ डिसेंबर २०१२ रोजी तेथील विद्यापरिषदेने संमत केला. काही सदस्यांनी विरोधी मत नोंदविले. दोनच दिवसांनी, २६ डिसेंबरला, कार्यकारी परिषदेनेही मान्यता दिली. जुलै २०१३ मध्ये नव्या रचनेनुसार वर्ग सुरू झाले. सर्व विद्यार्थ्यांसाठी ११ पायाभूत विषय अनिवार्य करण्यात आले होते. नव्या विषयांची तयारी करण्यास मिळालेली मुदत अपुरी होती, अशी अनेक अध्यापकांची तक्रार होती. जून २०१४ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने ही रचना १०+२+३ या राष्ट्रीय आकृतिबंधाशी विसंगत असल्याचे सांगून ती मागे घेण्याचा निर्देश दिला आणि त्याच महिन्याच्या अखेरीस विद्यापीठाने ती मागे घेतली. एक वर्ष शिकून झालेल्या विद्यार्थ्यांना पुन्हा तीन वर्षांच्या रचनेत बसवावे लागले.

चार वर्षांची पदवी ही कल्पनाच टाकाऊ होती, असा याचा अर्थ नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात ती कल्पना देशव्यापी स्वरूपात आली आणि २०२२-२३ पासून दिल्ली विद्यापीठातही ती परत आली. गोव्यात पदवी स्तरावर नव्या धोरणाची अंमलबजावणी २०२३-२४ पासून सुरू झाली. कल्पना चांगली असो वा वाईट. ती सर्व पायऱ्यांवर नीट तपासली गेली नाही, तर तिचा भार सतरा-अठरा वर्षांच्या मुलामुलींवर पडतो, हाच या घटनेचा धडा आहे.

जुन्या विद्यार्थ्यांचे काय?

नवा अभ्यासक्रम साधारणतः प्रथम वर्षापासून टप्प्याटप्प्याने लागू करतात. पहिल्या वर्षी प्रथम वर्ष, त्यानंतर द्वितीय, मग तृतीय असा हा क्रम असतो. जो विद्यार्थी ज्या अभ्यासक्रमात दाखल झाला, त्यातच त्याला शिक्षण पुरे करता यावे, हे यामागील तत्त्व होय. अनुत्तीर्ण राहिलेल्यांसाठी जुन्या अभ्यासक्रमाच्या परीक्षा ठरावीक काळ घेतल्या जातात. त्यानंतर जुन्या विषयास नवा कोणता विषय समकक्ष धरावा, हे ठरवावे लागते. मध्येच शिक्षण सोडून शेतीत किंवा नोकरीत गेलेल्या आणि पुन्हा परीक्षेस बसू इच्छिणाऱ्या तरुणाने याबाबतची परिपत्रके महाविद्यालयाच्या कार्यालयात अवश्य विचारावीत. मुदत टळल्यावर केलेला अर्ज फारसा उपयोगी पडत नाही.

शिक्षक व ग्रामस्थ यांचा वाटा

विद्यापरिषदेत ग्रामस्थ बसत नाहीत. पण पहिल्या पायरीचे दार त्यांना अगदीच बंद नाही. पुढील गोष्टी प्रत्येकास करण्याजोग्या आहेत :

१. अध्यापकांनी वर्गात जाणवणाऱ्या अडचणी, न मिळणारी पुस्तके, न पुरणारे तास यांची वर्षभर नोंद ठेवावी आणि ती लेखी स्वरूपात आपल्या विषयाच्या अभ्यास मंडळाकडे पाठवावी. "अभ्यासक्रम जड आहे" या तक्रारीपेक्षा "तिसऱ्या घटकास दिलेले दहा तास पुरत नाहीत, सोळा लागतात" ही नोंद मंडळाला अधिक उपयोगी पडते.

२. उच्च माध्यमिक शाळांच्या शिक्षकांनी बारावीत प्रत्यक्षात किती शिकवून होते, हे महाविद्यालयातील सहकाऱ्यांस सांगावे. पदवीचा पाया तेथेच घातला जातो.

३. माजी विद्यार्थी आणि पालक यांनी महाविद्यालयाने मागविलेले अभिप्राय केवळ उपचार म्हणून भरून देऊ नयेत. शिकलेले काय उपयोगी पडले आणि काय कमी पडले, हे माजी विद्यार्थ्याइतके दुसरे कोणी सांगू शकत नाही.

४. स्थानिक जाणकारांनी आपल्याजवळचे ज्ञान अध्यापकांपुढे मांडावे. मानस केव्हा उघडावी आणि बांधाला भगदाड पडल्यास काय करावे, हे खाजन सांभाळणाऱ्या शेतकऱ्यास जेवढे ठाऊक असते, तेवढे पुस्तकात क्वचितच सापडते. उदाहरणातील तो विषय कधी काळी खरोखर शिकविला गेला, तर त्याची प्रात्यक्षिके अशा शेतकऱ्यांच्याच बांधावर होतील.

अभ्यासक्रम हा विद्यापीठाने विद्यार्थ्याशी केलेला एक करारच असतो. विद्यार्थी आपल्या आयुष्याची तीन-चार वर्षे देतो. त्यांच्या मोबदल्यात त्याला मिळणाऱ्या ज्ञानाची आणि पदवीची हमी विद्यापीठ देते. या कराराचे कलम बदलताना चार ठिकाणी चार प्रश्न विचारले जातात, ते ही हमी पोकळ ठरू नये म्हणून. प्रश्न विचारण्याचे काम मंडळांचे असले, तरी त्यांना खरी उत्तरे मिळण्यासाठी वर्गातील आणि गावातील अनुभव त्यांच्यापर्यंत वेळीच पोहोचावयास हवा.