नावेत बसताना भीड नको

घोडेगावच्या माणसाला जनावराची पारख असते, विहिरीच्या पाण्याचा अंदाज असतो आणि पावसाने ओढ दिली म्हणजे आभाळाकडे कसे पाहावे हेही त्याला कोणी शिकवावे लागत नाही. परंतु विस्तीर्ण जलाशयाचा सहवास आमच्या नेवासे तालुक्याला लाभला तो अलीकडे, पैठणच्या धरणाची पायाभरणी 1965 साली लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते होऊन 1976 मध्ये त्याचे उद्घाटन झाले आणि गोदावरीचे पात्र नाथसागर झाले, त्यानंतर. आमच्या वाडवडिलांनी पूर पाहिले होते. पुराचे भय डोळ्यांना दिसते, त्यामुळे त्याच्या वाटेला सहसा कोणी जात नाही. साचलेले रुंद पाणी मात्र सकाळी इतके शांत व सौम्य भासते की, त्याच्यावरून धावणाऱ्या वाऱ्याचा विचारही मनाला शिवत नाही. नाथसागराची लांबी सुमारे 55 किलोमीटर आणि रुंदी काही ठिकाणी 27 किलोमीटर आहे; एवढ्या मोकळ्या पृष्ठभागावर वारा जितका दूरवर अडथळ्यावाचून धावतो तितकी लाट वाढते, आणि उथळ भागात तीच लाट आखूड व उभी होऊन लहान नावेच्या काठावरून आत येते.

2018 च्या अधिक ज्येष्ठात लेक-जावई आणि व्याह्यांकडची मंडळी धोंड्याच्या जेवणासाठी आमच्याकडे आली होती. प्रवरासंगमी स्नान, टोक्याच्या सिद्धेश्वराचे दर्शन आणि मग फुगवट्यात नावेतून फेरफटका, असा बेत ठरला. मासेमारी करणाऱ्या भोई मंडळींच्या दोन लहान लाकडी नावा मिळाल्या. दोन्हींवर बांबूच्या डोलकाठीला शिवलेल्या कापडाचे शीड होते. मी बसलो त्या नावेचा नावाडी वयोवृद्ध होता. त्याने एकेकाच्या खांद्याला हात लावून माणसे मोजली आणि जावयांचे धाकटे बंधू पाय टाकू लागताच म्हणाला, "सातच माणसं, गुरुजी. आठवं पुढच्या खेपेला." पाहुण्यांचा चेहरा उतरला, तरी म्हाताऱ्याने आपला शब्द बदलला नाही. दुसऱ्या नावेचा पोरगेला नावाडी "ओझं होतंय" असे दोनदा पुटपुटला. परंतु अधिकमासात जावयाकडच्या माणसाला काठावर उभे ठेवणे आमच्याकडे शोभत नाही, म्हणून "बसू द्या हो, थोडंच लांब जायचंय" असा चहूकडून आग्रह झाला आणि त्या नावेत मुलांसह दहा जण बसले. नावेचा काठ पाण्यावर जेमतेम वीतभर उरला.

चारच्या सुमारास वारा एकाएकी पडला. पश्चिमेला काळोखी आली होती, तिच्या खाली धुळीचा तांबूस पडदा उभा राहिला आणि घामेजल्या अंगाला गार झुळूक लागली. म्हाताऱ्याने त्याच क्षणी शीड उतरवून गुंडाळले, वल्ही हाती घेतली आणि दुसऱ्या नावेला ओरडून परत फिरायला सांगितले. तिच्यातल्या मंडळींना मात्र उतरलेल्या पाण्यातून वर आलेले जुने बांधकाम जवळून पाहायचे होते, आणि पाहुण्यांना नको म्हणणे नावाड्याच्या जिवावर आले. शिवाय शिडाची जी दोरी सतत हातात असावयास हवी, ती त्याने मुलांना वल्हे धरून दाखवण्याच्या नादात आडव्या फळीला बांधून ठेवली होती. वावटळीचा पहिला तडाखा बसताच शीड फुगून नाव एका अंगाला कलली, गाठ ओढीने इतकी आवळली की ती नखाने सुटेना, आणि घाबरलेली माणसे एकदम दुसऱ्या बाजूला सरली. मागे ओझे सरकले म्हणजे बैलगाडी जशी क्षणात उलाल होते, तशी ती नाव उलटली.

आम्ही पोचलो तेव्हा म्हातारा एकच गोष्ट ओरडत होता, "दहा मोजा, दहा!" नऊ माणसे दिसली. दहावा, जावयांचा पाच वर्षांचा पुतण्या, पाण्यावर पसरलेल्या शिडाखाली होता. त्याच्या अंगावर मोठ्या माणसाचे लाइफ जॅकेट होते. त्याचे बंद नीट आवळलेले नव्हते आणि पायांतून घ्यावयाचा पट्टा तर नव्हताच, त्यामुळे जॅकेट वर सरकून तोंडावर आले होते आणि पोर त्याच्यातून खाली निसटत होते. कापड उचलून त्याला बाहेर काढले. काठावरचे भोई आपल्या नावा घेऊन धावले आणि सर्व जण वाचले. कारण उलटलेली लाकडी नाव बुडाली नव्हती आणि विहीणबाईंनी प्रत्येकाला तिच्या काठाला धरून राहावयास लावले होते.

त्या दोन नावा एकाच पाण्यात, एकाच वाऱ्यात होत्या. फरक पडला तो एका नावाड्याला नकार देता आला आणि दुसऱ्याला आला नाही, याने. कौटुंबिक जलविहारातला खरा धोका आपापसांतली भीड हा आहे, असे माझे ठाम मत झाले आहे. परक्या प्रवाशाला "उतरा" म्हणता येते, व्याह्यांना म्हणता येत नाही. थोरल्या मेहुण्यांना "उभे राहू नका" कसे सांगावे, हा प्रश्न पडतो. 14 सप्टेंबर 2021 रोजी अमरावती जिल्ह्यात वरूडजवळ झुंज येथे वर्धा नदीत एका छोट्या नावेच्या अपघातात अकरा जीव गेले. ते सगळे एकमेकांचे आप्त होते. म्हणून माझी सूचना अशी की, काठ सोडण्यापूर्वी एका व्यक्तीला मुखत्यार नेमावे, शक्यतो नावाड्यालाच, आणि किती बसावे, कोठे बसावे, केव्हा परतावे या तीन बाबतींत त्याचा हुकूम वयाचा, मानाचा वा नात्याचा मुलाहिजा न ठेवता सर्वांनी पाळावा, असे सर्वांसमक्ष बोलून घ्यावे. आधी बोललेले असले म्हणजे नंतर कोणाचा मानभंग होत नाही.

आता वाऱ्याविषयी. वैशाख-ज्येष्ठातील वळवाच्या ढगातून थंड हवा खाली कोसळते आणि जमिनीवर आपटून पावसाच्या पुढे कित्येक किलोमीटर धावते. म्हणजे पावसाचा थेंबही पडलेला नसताना वादळ पाण्यावर पोचलेले असते. 21 मे 2024 च्या सायंकाळी उजनीच्या फुगवट्यात कुगावहून कळाशीकडे निघालेली नाव अशाच वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले. त्यांत दोन बालके होती. एक जण पोहून काठाला लागला, परंतु त्यावरून पोहत सुटणे हा नियम समजू नये. काठ दिसतो त्याहून दूर असतो. वाटेत बाभळीची बुडालेली खोडे, जाळी आणि पाय रुतवणारा गाळ असतो. तरंगणारी नाव सोडू नये, हेच शहाणपण. उन्हाळ्यात निघायचे असेल तर सकाळी निघावे आणि दुपारच्या आत काठाला लागावे.

शिडाच्या नावेत दोरी कधीही पक्की बांधू नये; वाऱ्याचा जोर वाढताच ती सैल सोडली की शीड फडफडते आणि नाव सरळ होते. जॅकेट ज्याच्या त्याच्या मापाचे असावे, मुलांच्या जॅकेटला पायांतून पट्टा असावा, आणि ते काठावर घालून खांद्याशी धरून वर ओढून पाहावे. हनुवटीपर्यंत आले तर ते निरुपयोगी होय. ते नावेत ठेवून भागत नाही. 18 डिसेंबर 2024 रोजी गेटवे ऑफ इंडियाहून घारापुरीला निघालेल्या बोटीला नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसली, तेव्हा अनेक प्रवाशांच्या अंगावर जॅकेट नव्हते. अंतर्देशीय जलयान अधिनियम, 2021 मध्ये यंत्र नसलेल्या नावांची नोंद स्थानिक पातळीवर करण्याची तरतूद आहे. आमच्या भागातील ग्रामपंचायतींनी ती मनावर घ्यावी आणि नावेवर माणसांची संख्या ठळक रंगवून घ्यावी. फळीवर आकडा लिहिलेला असला म्हणजे गरीब नावाड्याला पाहुण्यांशी हुज्जत घालावी लागणार नाही.

2026 चा अधिक ज्येष्ठही वळवाच्याच दिवसांतला, 17 मे ते 15 जून. त्या महिन्यात ज्यांना सर्वाधिक मान त्या जावईबापूंना माझी हात जोडून विनंती आहे: तुम्हाला कोणी सांगू शकत नाही, म्हणून तुम्हीच सर्वांआधी जॅकेट चढवावे, आणि माणसे जास्त झाली असतील तर सर्वांआधी तुम्हीच उतरून पुढच्या खेपेची वाट पाहावी.