समझोत्याच्या कागदावर काय लिहाल?

आंध्र प्रदेशातल्या एका जोडप्याचं लग्न १९९९ साली झालं आणि काही दिवसांतच दोन्ही घरांत बिनसलं. पोलिसात तक्रार, सासरच्या छळाबद्दल कलम ४९८-अ चा खटला, घटस्फोटाचा अर्ज, मग अपील. शेवटी लग्न संपलं ते २०१३ साली, सर्वोच्च न्यायालयात. त्याच निकालात न्यायालयाने सांगितलं, की कौटुंबिक न्यायालयांनी असे वाद सुरुवातीलाच मध्यस्थीकडे पाठवावेत आणि दावा दाखल होण्याआधीही लोकांना तडजोडीची सोय मिळावी.

नाशिकच्या एका शिक्षिकेने हाच रस्ता धरला, आणि तो तिला मानवला. न्यायालयामार्फत होणाऱ्या मध्यस्थीत मध्यस्थाचं मानधन पक्षकारांना द्यावं लागत नाही. मध्यस्थ दोघांशी एकत्र बोलतो, वेगवेगळंही बोलतो. निकाल मात्र देत नाही. बंद खोलीतलं बोलणं न्यायाधीशांपर्यंत जात नाही. साक्षीच्या पिंजऱ्यात उभं राहून एकमेकांची लक्तरं काढावी लागली नाहीत, याचं तिला आजही समाधान आहे.

ठेच लागली ती पुढे. समझोत्यात मुलाच्या भेटीविषयी एकच ओळ होती: वडील मुलाला ‘सुट्टीत’ नेतील. कुठली सुट्टी, रविवारची की दिवाळीची? न्यायला कोण येणार, आणून कोण सोडणार? पहिल्याच दिवाळीत वाद पेटला आणि मिटलेलं प्रकरण पुन्हा वकिलांकडे गेलं. “दोघंही थकलो होतो, सही करून सुटायचं होतं,” असं ती सांगते. आता कुणी विचारायला आलं, की मसुदा घरी नेऊन सावकाश वाचा आणि स्वतःच्या वकिलाला दाखवा, हे ती आवर्जून सांगते.

तिचं म्हणणं अगदी खरं आहे, कारण फसगत होते ती अशाच कागदात. फ्लॅट एकाकडे राहिला तरी गृहकर्ज दोघांच्या नावावर असेल, तर बँक त्या समझोत्याला बांधील नसते. हप्ते थकले की ती दोघांकडेही वसुली मागू शकते. म्हणून कर्जातून नाव कसं आणि कधी निघणार, याला बँकेची संमती सही करण्याआधीच घ्यावी. स्त्रीधनाची यादी दागिन्यांच्या वजनासह जोडावी. छळाचा गुन्हा (पूर्वीचं कलम ४९८-अ, आता भारतीय न्याय संहितेचं कलम ८५) नोंदला असेल, तर तो महाराष्ट्रात नवरा-बायकोने आपसांत मिटवून संपत नाही, उच्च न्यायालयात जाऊन रद्द करून घ्यावा लागतो. तिथे संमतीचं प्रतिज्ञापत्र कधी द्यायचं आणि पोटगीचा कोणता हप्ता त्याआधी मिळायचा, हा क्रम लिहिलेला हवा. आणि घाईघाईत आईने मुलाच्या पोटगीवर पाणी सोडलं, तरी मुलाचा हक्क त्याने संपत नाही.

समझोत्यावर सह्या झाल्या म्हणजे घटस्फोट झाला, असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब नुसार दोघं किमान वर्षभर वेगळे राहत असले पाहिजेत. संयुक्त अर्जानंतर सहा महिन्यांची मुदत असते. पोटगी आणि ताब्याचे प्रश्न खरोखर मिटले असतील, तर न्यायालय ती माफ करू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये ठरवलं. हुकूमनामा हाती येईपर्यंत लग्न कायम असतं आणि तोवर जोडीदार संमती मागेही घेऊ शकतो. म्हणून सगळी रक्कम एकदम न देता अर्जाच्या टप्प्यांनुसार द्यावी.

घरात मारहाण असेल, तिथे मात्र समोरासमोर बसायची घाई करू नये. ज्याची भीती वाटते त्याच्यापुढे बाई मोकळेपणाने काही मागूच शकत नाही. तिने २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याखाली आधी संरक्षणाचा आणि घरात राहण्याचा आदेश मागावा. मध्यस्थी सुरू झाल्यावरही दडपण जाणवलं, तर ती थांबवता येते. अशा वेळी मध्यस्थाने न्यायालयाला फक्त ‘तडजोड झाली नाही’ एवढंच कळवायचं असतं. का झाली नाही आणि कोण अडून बसलं, हे त्या अहवालात येत नाही.