म्हातारी खिशात ठेव

परवाना हातात आला, शिकार-सुरक्षेचा वर्गही तू पुरा केलास. विस्कॉन्सिनमध्ये १ जानेवारी १९७३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्याला तो करावाच लागतो. आता मामाचं ऐक. तुझ्या आईला हे सगळं पटलेलं नाही, आणि तिचं चुकतंय असं मी म्हणणार नाही. गावाकडे, भारतात, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारीला चाप बसला, ते योग्यच झालं. इथे व्हाइटटेल हरणं उदंड आहेत. किती मारायची, कधी मारायची हे दरवर्षी राज्य ठरवतं, आणि मारलेलं आपण खातो. या तीन गोष्टी आहेत म्हणून मी मचाणावर चढतो.

तुला थोराड बक, म्हणजे नर हवाय. मग शिंगांवरून वय ठरवू नकोस. आपल्या सांबर-चितळासारखीच याचीही शिंगं दरवर्षी गळतात आणि नवी फुटतात. चांगलं खायला मिळालेल्या कोवळ्या नरालाही डोळे दिपवणारी शिंगं येतात. तू अंग बघ. दीड वर्षाचा नर म्हणजे शिंगं लावलेली मादीच वाटते, बारीक मान, लांब पाय. चार वर्षं ओलांडलेल्याची मान नोव्हेंबरात फुगून थेट छातीत मिसळते, छाती खाली उतरते, पोट सुटतं आणि त्यामुळे पाय आखूड दिसतात. शंका आली तर जाऊ दे. पुढच्या वर्षी तो आणखी मोठा होऊन येईल.

आता वारा. बाकीचं विसरलास तरी एवढं विसरू नकोस. म्हाताऱ्या बकला चाहूल लागली तर तो थबकतो, काही दिसलं तर टक लावून बघतो. पण वास लागला की दुसरा विचार करत नाही, निघून जातो. इथे मिल्कवीड नावाचं रोप उगवतं, आपल्या रुईच्याच कुळातलं. शेंग उकलली की तीच रेशमी ‘म्हातारी’ उडते, जिच्यामागे लहानपणी आपण धावायचो. शेंगा फुटण्याआधी तोडून ठेव. मचाणावरून एक म्हातारी सोडायची आणि ती दिसेनाशी होईपर्यंत नजर हलवायची नाही. तोंडाजवळचा वारा कोणालाही कळतो, पण साठ-सत्तर पावलांवर तो घळीत कसा वळतो हे तीच सांगते. आपला हा नैऋत्य विस्कॉन्सिनचा मुलूख डोंगरदऱ्यांचा. उन्हं चढली की हवा उताराने वर सरकते, सूर्य कलला की गार होऊन घळीत उतरते. सकाळी चांगलं असलेलं मचाण संध्याकाळी घात करतं, ते यामुळे.

आणखी खोलातली गोष्ट सांगतो. मला ही शेजारच्या गोठेवाल्या आजोबांनी दिली. बकला सोयीचा वारा असेल तेव्हाच तो दिवसाउजेडी हलतो. नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात मादी माजावर येऊ लागते, तेव्हा तो माद्यांच्या बसण्याच्या जागेत शिरत नाही. वाऱ्याच्या खालच्या अंगाने जातो आणि एका फेरीत सगळ्यांचा वास घेतो. म्हणून मचाण मळलेल्या पायवाटेवर बांधू नकोस, त्या खालच्या अंगाला बांध. तुझा वास मात्र त्याच्या वाटेच्या जरासा बाजूने, शक्यतो जिथे तो जाणारच नाही अशा कड्यावर किंवा नदीवर गेला पाहिजे. त्याला वाटावं वारा आपला आहे, आणि दहा पावलांच्या फरकाने तो तुझा असावा. एवढा बारीक हिशेब जुळत नसेल त्या दिवशी घरी थांब. एका चांगल्या जागेवरची पहिली बैठक सर्वांत मोलाची असते. चुकीच्या वाऱ्यात ती खर्ची घातलीस तर त्या जागेचा हंगाम गेला.

खोडांवर शिंगं घासल्याच्या खुणा आणि फांदीखाली खुरांनी उकरलेली माती दिसेल. हुरळून जाऊ नकोस, शेताच्या कडेच्या अशा जागांवर तो बहुतेक रात्रीच येतो. भगव्या जाकिटाची काळजी नको. बंदुकीच्या हंगामात कमरेवरचे निम्मे कपडे तरी झगझगीत भगवे किंवा गुलाबी हवेत असा कायदाच आहे, आणि हरणाला तो भगवा आपल्यासारखा दिसत नाही. निळा मात्र स्वच्छ दिसतो. जीन्स घरी ठेव.

मचाणावर चढण्याआधी, जमिनीवरच अंगभर बांधायचा सुरक्षा-पट्टा (हार्नेस) दोराला अडकव. बंदूक रिकामी करून नंतर दोरीने वर ओढ.

बार फक्त तो आडवा उभा असेल किंवा तुझ्यापासून थोडा तिरपा वळलेला असेल तेव्हाच काढ. पुढच्या पायामागे, अंगाच्या खालच्या एक-तृतीयांश उंचीवर. समोरून येणाऱ्यावर कधीही नाही. बार झाल्यावर तो कुठे उभा होता ते झाड मनात पक्कं कर आणि अर्धा तास खाली उतरू नकोस. मग रक्त वाच. गुलाबी आणि फेसाळ असेल तर फुप्फुस, तो जवळच पडलेला असतो. काळपट लाल असेल तर यकृत, काही तास थांब. हिरवट कण आणि घाण वास असेल तर पोटात लागलंय, सहा-आठ तास तरी मागे जायचं नाही. मी एकदा तासाभरात गेलो. तो बसल्या जागेवरून उठला, ओढा ओलांडून गेला, आणि दोन दिवस शोधूनही मला सापडला नाही. ते जनावर माझ्या घाईने वाया गेलं. ते ओझं अजून उतरलेलं नाही.

सापडला की हातमोजे घालून लगेच पोट साफ कर, मांस थंड कर. नोंदणी वेळेत कर. आणि डोकं तपासणीला दे. हरणांना मेंदू पोखरून मारणारा सीडब्ल्यूडी हा रोग २००२ साली या राज्यातही सापडला आणि तो आपल्या भागात पसरलाय. बाधित जनावर बाहेरून धष्टपुष्ट दिसू शकतं. माणसाला तो झाल्याचं आजवर सिद्ध झालेलं नाही, पण बाधित मांस खाऊ नका असंच आरोग्य खातं सांगतं, आणि शिजवून तो मरत नाही. म्हणून पाकिटांवर तारीख आणि तपासणीचा क्रमांक लिहून मांस फ्रीझरमध्ये ठेव. अहवाल स्वच्छ आला की मगच आईला रश्श्याचं वाटण काढायला सांग.