हेडलाइट विझत नाही, बॅटरी टिकत नाही : आधी रिले बघा, बॅटरी नंतर

पावसाळ्यात येडशीच्या रामलिंग घाटात भरदुपारीही दिवे लावावे लागतात. गाडी लावून रामलिंगाचं दर्शन घ्यायचं, धबधबा बघायचा, माकडांपासून हातातला प्रसाद वाचवायचा, यात दोन-अडीच तास कसे जातात कळत नाही. परत येऊन किल्ली फिरवावी तर सेल्फ नुसता टकटक करतो. मग कुणीतरी सांगतं, "बॅटरी गेली, नवीन टाका." इथेच चार-पाच हजारांचा खर्च होतो, आणि पुष्कळदा तो नको असलेला असतो.

हिशेब सोपा आहे. साध्या हॅलोजन हेडलाइटचे दोन बल्ब प्रत्येकी ५५ वॉटचे, त्यावर पार्किंग आणि मागचे दिवे. मिळून साधारण ११ अँपिअर करंट ओढला जातो. छोट्या पेट्रोल गाडीची बॅटरी बहुधा ३५ अँपिअर-अवरची. ती रिकामी व्हायला तीन तास पुरे, आणि सेल्फ मारण्याची ताकद तर त्याआधीच संपते. त्यामुळे दिवे चालू राहिले म्हणून एकदा उतरलेली बॅटरी खराबच झाली असं नसतं.

आधी दोन गोष्टी वेगळ्या करा. स्विच बंद करायचा राहिला असेल तर तो विसरभोळेपणा. दार उघडल्यावर वाजणारा बझर चालू आहे का तेवढं तपासा. काही गाड्यांत किल्ली काढल्यावरही हेडलाइट थोडा वेळ चालू राहून आपोआप बंद होतो, तोही बिघाड नव्हे. पण स्विच बंद, किल्ली हातात, पाच-दहा मिनिटं झाली आणि दिवा चालूच, तर मात्र दोष शोधायला हवा.

घरच्या घरी तपासणी

पहिलं काम : दहा नंबरच्या पान्याने बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल सोडवा. दिवा विझतो, बॅटरी वाचते. गाडी रात्रभर अशीच ठेवायला हरकत नाही.

तपासणीसाठी टर्मिनल पुन्हा जोडा आणि बॉनेटखालचा फ्यूज बॉक्स उघडा. बऱ्याच गाड्यांत झाकणाच्या आतल्या बाजूला नकाशा छापलेला असतो. हेडलाइटचा रिले, म्हणजे काड्यापेटीहून लहान चौकोनी डबी, उपटून काढा.

– दिवा विझला, तर त्याच नंबरचा हॉर्नचा रिले तिथे बसवून बघा. आता दिवा स्विचप्रमाणे चालू-बंद होत असेल तर जुन्या रिलेचे पॉइंट आत चिकटले आहेत.
– दुसरा रिले लावूनही दिवा पेटलेलाच राहिला, तर दोष स्टिअरिंगजवळच्या कॉम्बिनेशन स्विचमध्ये किंवा वायरिंगमध्ये आहे.
– रिले काढल्यावरही दिवा चालू, तर बाहेरून बसवलेलं वायरिंग तपासा. जास्त वॉटचे बल्ब किंवा फॉग लॅम्प लावताना वायर थेट बॅटरीवरून घेतलेली असू शकते.

मागचे दिवेही बघा. ब्रेक पेडलजवळच्या स्विचला टेकणारा छोटा रबरी किंवा प्लास्टिकचा गट्टू झिजून तुटला की ब्रेकलाइट सतत पेटतात. २१ वॉटचे दोन बल्ब रात्रभरात छोटी बॅटरी उतरवतात. ब्रेक पेडलखाली प्लास्टिकचा चुरा दिसला तर आधी इथेच बघा.

खर्च किती?

पुढचे आकडे छोट्या गाडीसाठी आणि अंदाजे आहेत. गाडी आणि कंपनीप्रमाणे फरक पडतो.

– ब्रेक स्विचचा गट्टू : २० ते १०० रुपये
– रिले : १०० ते ४०० रुपये
– इलेक्ट्रिशियनची तपासणी आणि मजुरी : २०० ते ६०० रुपये
– बॅटरी चार्जिंग : १०० ते २०० रुपये
– कॉम्बिनेशन स्विच : १,२०० ते ४,००० रुपये, मजुरी वेगळी
– नवी ३५ अँपिअर-अवर बॅटरी, जुनी परत देऊन : ३,५०० ते ५,००० रुपये
– साधा मल्टिमीटर : ३०० ते ६०० रुपये

काही नव्या गाड्यांत दिव्यांचं नियंत्रण कंप्युटरच्या मॉड्युलकडे असतं. ते बदलायचं म्हणजे हजारोंचा मामला. स्विच आणि वायरिंग तपासल्याशिवाय त्याला होकार देऊ नका.

बॅटरी कधी बदलायची?

आधी ती पूर्ण चार्ज करा. ३५ अँपिअर-अवरच्या बॅटरीला साडेतीन अँपिअरने दहा-बारा तास लागतात. उतरलेली बॅटरी आठवडाभर तशीच पडली तर आतल्या प्लेटा कायमच्या खराब होऊ लागतात, म्हणून एक-दोन दिवसांत चार्जिंग उरका. चार्जिंगनंतर काही तास थांबून मल्टिमीटर लावा. १२.६ व्होल्टच्या आसपास आकडा आला तर बॅटरीत जीव आहे. दुकानात लोड टेस्ट करून घ्या. त्यात नापास झाली तरच बदला. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत. त्याहून कमी असेल तर अल्टरनेटर तपासा, नाहीतर नवी बॅटरीही उतरेल.

वॉरंटी कार्डावर विक्रीची तारीख आणि शिक्का आहे ना, ते बघा. पूर्ण बदलीचे महिने किती आणि त्यानंतर फक्त सवलतीचे किती, हेही दुकानदाराला विचारा.

वाटेत अडकलात तर

येडशीवरून जाणाऱ्या सोलापूर–धुळे हायवेवर १०३३ ही महामार्गाची हेल्पलाइन आहे. जम्पर लावायचा क्रम असा : लाल वायर आधी उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग चांगल्या बॅटरीच्या प्लसला; काळी वायर चांगल्या बॅटरीच्या मायनसला आणि शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनच्या उघड्या लोखंडाला. धक्का स्टार्ट फक्त हाताने गिअर टाकायच्या गाडीला, ऑटोमॅटिकला नाही.

बिल देण्यापूर्वी

बदललेला जुना भाग परत मागा आणि बिलावर भाग व मजुरी वेगवेगळी लिहून घ्या. तक्रार करायची वेळ आली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर हेच कागद कामी येतात. शेवटची चाचणी समोर करायला लावा : गाडी लॉक करून अर्धा तास थांबायचं आणि बॅटरीच्या मायनस वायरमध्ये मीटर लावून गळती मोजायची. आकडा ५० मिलिअँपिअरच्या आत असेल तर दुरुस्ती झाली असं समजा. त्याहून जास्त असेल तर नवी बॅटरी टाकूनही काही दिवसांनी पुन्हा धक्का मारायची वेळ येईल.