रात्रीचे पाणी आणि सकाळची झोप



गाळप हंगाम सुरू झाला की आमच्यापर्यंत येणाऱ्या तक्रारी तोडीच्या, वजनाच्या आणि बिलाच्या असतात. परंतु गटसभा संपून चहा सुरू झाला की निराळेच बोलणे निघते. कुणाला जेवलेले पचत नाही, कुणाचे डोके दिवसभर जड, कुणाला नुकतीच साखरेची गोळी चालू झालेली. थोडे खोदून विचारले की बरेच जण सांगतात, “काय करता, आठवडाभर रात्रीची लाइट. उसाला पाणी तर द्यावंच लागतं.”

यावर आम्ही काही नवे सांगणार नाही, जुनेच सांगणार आहोत. वाग्भटाचा ‘अष्टांगहृदय’ हा ग्रंथ तेराशे वर्षांहून जुना. त्याचे आपल्या जिल्ह्याशी नाते आहे. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री, म्हणजे आपला हेमाडपंत, याने तेराव्या शतकात या ग्रंथावर ‘आयुर्वेदरसायन’ नावाची टीका लिहिली. मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने १९३९ साली ती मूळ ग्रंथासह छापली. दौलताबादचा किल्ला पाहताना हेमाडपंती देवळांची आठवण सगळ्यांना होते. त्याच माणसाने जेवण-झोपेच्या शास्त्रावर लेखणी चालवली, हे फारसे कुणी सांगत नाही.

आता मुद्द्याचे. रात्रीच्या जागरणाने शरीरात रूक्षपणा, म्हणजे कोरडेपणा वाढतो, असे वाग्भट म्हणतो. त्यावर त्याने सांगितलेला उपाय आपल्या रात्रपाळीसाठीच लिहिल्यासारखा आहे. जेवढी झोप बुडाली त्याच्या निम्मी झोप सकाळी घ्यावी, आणि ती जेवणाआधी घ्यावी. सहा तास बुडाले तर तीन तास. आपण नेमके उलटे करतो. पहाटे मोटार बंद करून घरी आलो की चहा, मग पिठले-भाकरी पोटभर, आणि मग आडवे झालो ते दुपारी बारालाच उठतो. भरल्या पोटी दिवसाची झोप अंगाला जडपणा आणते. तेव्हा आल्यावर हातपाय धुवा, झोपा, उठून आंघोळ करा आणि मग जेवा. एवढा क्रम बदलून पाहायला एक पैसा लागत नाही.

झोपण्यापूर्वी डोक्याला, कानांना आणि तळपायांना तिळाचे तेल लावावे. रोजच्या अभ्यंगात वाग्भटाने या तीन जागा मुद्दाम सांगितल्या आहेत. रात्रभर वाफ्यात उभे राहून भेगाळलेल्या पायांना हे वेगळे सांगायला नको.

एक गोष्ट मात्र बोलली पाहिजे. शेतावर जागणारा एक असतो, पण घरात दुसरीही जागी असते. पहाटे चारला चूल किंवा गॅस पेटवणाऱ्या घरधनिणीचे जागरण कुणी मोजत नाही. वरचा नियम तिलाही लागू आहे.

जेवणाचे माप सोपे आहे. पोटाचे चार भाग धरावेत. दोन अन्नाचे, एक पाण्याचा व पातळ पदार्थांचा, आणि एक मोकळा ठेवायचा, वाऱ्याला फिरायला. थंडीत भूक मोठी असते, तेव्हा बाजरीची भाकरी, लोणी, तीळ खुशाल खा. पावसाळ्यात अग्नी मंद असतो, तेव्हा हात आखडावा. रात्री दही नको. पाण्यावर जाणाऱ्याने दिवेलागणीलाच जेवून निघावे आणि मध्यरात्री बांधावर गार भाकरी खाण्याची सवय मोडावी, असे आमचे मत आहे.

आता आपल्या घरचा विषय, ऊस. दातांनी सोलून चावलेल्या उसाचा रस वाग्भट साखरेच्या तोलाचा मानतो. यंत्राने काढलेल्या रसाबद्दल मात्र तो सावध करतो. मुळी, शेंडा, किडीने खाल्लेली कांडी आणि घाण एकत्र पिळली जाते, रस काही काळ तसाच राहतो, म्हणून तो बिघडतो, जळजळ करतो आणि पोटाला जड होतो. वाचताना आम्हाला आपल्या शेतकी खात्याचाच माणूस बोलतोय असे वाटले! वाढे काढा, मुळी-माती झाडा, तोडलेला ऊस शिळा होऊ देऊ नका, नाहीतर उतारा घटतो, हे आपण दर हंगामात ऐकतो. तेव्हा रसवंतीवर कांडी धुतलेली आहे ना ते पाहावे आणि समोर काढलेला रस लगेच प्यावा. गुळाचेही तसेच. नवा गूळ कफ करतो व भूक मारतो, जुना पथ्याचा, असे तो सांगतो.

हे गोडाचे कौतुक साखरेचा आजार असलेल्यांसाठी नाही. चरकाने प्रमेहाची कारणे सांगताना बसून राहणे, झोपेचे सुख, दही आणि नवे धान्य यांच्याबरोबर गुळाचे पदार्थही मोजले आहेत. साखर कारखान्याच्या पत्रकात हे छापावे का, असा प्रश्न आमच्यात निघाला होता. छापायचे ठरले. सभासदाला सवलतीची साखर मिळते म्हणून ती घरातच संपवली पाहिजे असे कोणत्याही पोटनियमात नाही. चहा दिवसातून सहा वेळा होत असेल तर तो दोनवर आणा आणि कपातला एक चमचा कमी करा. ज्यांना गोळ्या चालू आहेत त्यांनी तेल-झोपेच्या भरवशावर त्या बंद करू नयेत. तपासणी करून डॉक्टरांना विचारावे, आणि विचारताना रात्री किती वेळा पाण्यावर जातो तेही सांगावे. बहुतेक जण नेमके तेच सांगायचे विसरतात.