चला इंग्रजी शिकू या : 'पे' म्हणजे पैसे देणे

ताईंनो, या वेळचं क्रियापद 'पे'.

आय पे – मी पैसे देते.
शी पेज – ती देते. तो देतो, तरीही 'ही पेज'च.
आय पेड – मी दिले.
आय विल पे – मी देईन.

आता मोबाईल बघा. 'पेड' दिसलं म्हणजे पैसे गेले. नुसतं 'पे' म्हणजे अजून द्यायचेत. "तुम्हाला पैसे पाठवतोय, पिन टाका," असं कुणी म्हणालं आणि समोर 'पे' दिसलं, तर थांबा! यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागत नाही. टाकलात तर आपलेच पैसे जातात. फसवणूक झालीच तर लगेच १९३० ला फोन करा.

पुढच्या बैठकीत बचत भरली की प्रत्येकीने मोठ्याने म्हणायचं, "आय पेड!"