उन्हाळ्यात बर्फाचं पाणी, हिवाळ्यात कोमट: घरगुती ब्रेडचं साधं गणित

घरून ब्रेड विकायचा असेल तर एक गोष्ट आधी समजून घ्या. पहिला ब्रेड गिऱ्हाईक कौतुकाने घेतं. दुसरा तेव्हाच घेतं, जेव्हा तो पहिल्यासारखाच निघतो.

आपल्या वर्ध्यात नेमकी इथेच अडचण येते. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो, टाकीचं पाणी हाताला चटका देतं. डिसेंबरच्या पहाटे तेच पाणी गारठलेलं. रेसिपी एकच, पण कधी पीठ भराभर फुगून आंबट होतं, कधी फुगतच नाही.

कारण यीस्ट जिवंत असतं. थंडीत सुस्तावतं, उकाड्यात धावतं आणि साधारण 55 ते 60 अंशांना मरतं. म्हणून बाराही महिने "कोमट पाणी घ्या" चालत नाही.

पाण्याचं सूत्र

मळून झालेलं पीठ 26 अंशांच्या आसपास हवं. त्यासाठी:

पाण्याचं तापमान = (26 × 3) − पिठाचं − खोलीचं

- मे: 78 − 36 − 38 = 4 अंश. म्हणजे फ्रिजचं पाणी आणि बर्फ. बर्फाचं वजन पाण्यातच धरा, नाहीतर पीठ सैल होईल.
- डिसेंबर: 78 − 18 − 18 = 42 अंश. म्हणजे कोमट. उत्तर जास्त आलं तरी 45 च्या वर जाऊ नका.

मशीनने मळलं तर घर्षणाने पीठ आणखी तापतं, तेवढे अंश वजा करा.

पाकीट वाचा

'इन्स्टंट' यीस्ट असेल तर आधी मैद्यात मिसळा, मग पाणी घाला. बर्फाचं पाणी थेट यीस्टवर नको.

'ॲक्टिव्ह ड्राय' असेल तर एकूण पाण्यातलंच अर्धी वाटी पाणी 38 ते 43 अंशांचं घ्या, त्यात चिमूटभर साखर आणि यीस्ट घाला. उरलेलं पाणी सूत्राप्रमाणे. 10 मिनिटांत फेस आला नाही तर थांबा, मैदा भिजवूच नका. वाया गेलं ते फक्त यीस्ट. मैदा, लोणी, गॅस आणि तुमचा दिवस वाचला.

गृहपाठ

एक किचन थर्मामीटर आणि एक वही घ्या. प्रत्येक वेळी खोली, पीठ, पाणी आणि मळलेल्या पिठाचं तापमान लिहा; फुगायला किती वेळ लागला तेही. सलग दहा वेळा ब्रेड सारखा निघाला, की मगच ऑर्डर घ्यायला सुरुवात करा.